नलिनीने उडी मारली नाही

शुक्रवारी संध्याकाळी पाच वाजून पाच मिनिटांनी, बार्शीच्या तुळजाई टॉकीजमध्ये तीनचा खेळ चालू असताना, 'जहागीरदारांची वरात' या चित्रपटातल्या नलिनीने विहिरीत उडी मारायला नकार दिला.

बारावं रीळ चालू होतं. विहीर दिसली, नलिनी धावत आली, मागे सारंगी रडू लागली. ती कठड्यावर चढली, खाली पाहिलं आणि बसली. पाय बाहेरच्या बाजूला सोडून, पदर आवरून, एस.टी.ची वाट बघणारी बाई बसते तशी. सारंगी थोडा वेळ एकटीच रडली आणि मग तीही थांबली.

मी परीक्षण लिहायला गेलो होतो. अशा नलिनी मी नोकरीच्या सगळ्या वर्षांत पाहत आलो आहे. पडद्यावर दोन मैत्रिणी एकमेकींकडे जरा जास्त वेळ बघू लागल्या, की त्यांतली एक सासरी जाते आणि दुसरी मरते. विहीर, विष, गच्ची, रेल्वेचे रूळ, साधनं तेवढी बदलतात. तसा पुरुष असेल तर त्याला मारत नाहीत, लचकत चालायला लावतात आणि नायकाची लाथ खायला ठेवतात. हे मी अनेकदा छापलं आणि त्याबद्दल संपादकांपासून वाचकांपर्यंत सगळ्यांशी भांडलो. पण यांच्यापैकी कोणी नेमून दिलेलं काम नाकारल्याचं मी कधी ऐकलं नव्हतं.

टॉकीजचे मालक मल्लिनाथशेठ कोठावळे धोतर सावरत पडद्यापुढे आले.

"काय झालं ओ बाई?"

"काही नाही. बसलेय."

"आणि उडी?"

"नाही मारणार."

शेठनी वर ऑपरेटरच्या खिडकीकडे पाहिलं. "सत्तारभाई, मशीन बंद पडलं का?"

"चालू आहे शेठ," वरून आवाज आला. "रीळ फिरतंय. संपत नाहीये, एवढंच."

प्रिंटबरोबर वितरकाचा प्रतिनिधी आलेला असतो. हे दिनकर पोतनीस, सफारी घातलेले, घाम पुसत जिन्यावरून उतरले. त्यांनी नलिनीला समजावलं, की राज्यात इतर पंधरा गावांत ती रोज चार वेळा उडी मारते आणि कुठूनही तक्रार आलेली नाही. नलिनीने ऐकून घेतलं आणि पायाचा अंगठा दुसऱ्या पायावर घासला. पोतनीसांनी फौजदारांना बोलावलं. चौकी समोरच असल्यामुळे फौजदार घुले लगेच आले. त्यांनी टोपी काखेत घेतली आणि जबाब सुरू केला.

"नाव?"

"नलिनी."

"पूर्ण नाव सांगा."

"एवढंच दिलंय."

"वय?"

"कोणी ठरवलं नाही."

घुल्यांनी नलिनीकडे जरा निरखून पाहिलं आणि पुढचा प्रश्न गाळला. मग ते पोतनीसांकडे वळले. "साहेब, जीव द्यायचा प्रयत्न केला तर गुन्हा होतो. न दिल्याबद्दल माझ्याकडे कलम नाही."

"पण सेन्सॉरचं प्रमाणपत्र उडीसकट मिळालंय!" पोतनीस म्हणाले. "ही उडी मारणार नसेल तर हा मंजूर झालेला पिक्चर नव्हे. म्हणजे आत्ता या थेटरात विनापरवाना खेळ चालू आहे. मालकांना अटक करा, नाहीतर हिला उडवा."

मल्लिनाथशेठ मटकन पायरीवर बसले. घुले विचारात पडले. मुद्दा कायद्याचा होता आणि बिनतोड होता.

मला राहवलं नाही. मी पोतनीसांना विचारलं, की ही का मरते, याचं कारण चित्रपटात कुठे दाखवलं आहे?

"कारण कशाला लागतं? शेवटी लग्न आहे. सगळं गाव जमणार. त्यात हिला कुठं उभी करायची? आणि पब्लिकला हेच लागतं."

बायकांच्या बाजूला पहिल्या रांगेत गोदाक्का माळी बसल्या होत्या. बाजार उरकून आल्यामुळे त्यांची मेथीची पाटी पायाशी होती. त्या तिथूनच म्हणाल्या, "आमाला कवा इचारलं ओ तुमी? मी पैसं मोजून आत आले ती बाई मरताना बघाया व्हय?"

"आक्का, तुम्ही मधे बोलू नका."

"मग कुनी बोलायचं? ती तर जीव वाचवून बसलीया बिचारी."

तेवढ्यात नलिनी बोलली. आवाज मोठा नव्हता, पण सगळ्या थेटराला ऐकू गेला. "शरयूला बोलवा. ती म्हणाली, तर मारते उडी."

शरयू म्हणजे तिची मैत्रीण. चौथ्या रिळात तिचं लग्न लावून तिला नागपूरच्या बसमध्ये बसवतात, आणि मग चित्रपटात तिचं नावही निघत नाही.

घुल्यांचा चेहरा उजळला. अशा प्रसंगी जवळच्या माणसाला कळवणं नियमात बसत होतं. "ती तुमची कोण?"

नलिनीने मागे वाटेकडे पाहिलं. "काय लिहू?" घुल्यांनी पुन्हा विचारलं.

"मैत्रीण लिहा. सगळे तेच लिहितात."

घुल्यांनी ते लिहिलं नाही. पेन बंद करून खिशाला लावलं आणि फर्मान सोडलं, "चौथं रीळ लावा."

पोतनीसांनी हरकत घेतली नाही. त्यांना वेगळंच सुचलं होतं. उडी नसली तरी बाराव्या रिळात पुढे पाणी उसळतं तो तुकडा शाबूत होता. नलिनी बसली आहे तिथेच रीळ कापायचं आणि पाण्याचा तुकडा जोडायचा, म्हणजे ती उडी न मारताही मरेल आणि प्रमाणपत्रही सांभाळलं जाईल. बारावं रीळ उतरवून ते वरच्या टेबलावर कात्री आणि चिकटवायचं सोल्युशन घेऊन बसले. हे त्यांनी लपवलं नाही. खिडकीतून सगळ्यांना सांगितलं, "अकरावं रीळ संपेपर्यंत वेळ आहे. त्याच्या आत ती आली तर आली."

चौथं रीळ लागलं. बसस्टँड, गर्दी, नागपूरची गाडी. शरयू नव्या साडीत खिडकीपाशी बसली होती, शेजारी नवरा मांडीवर ट्रंक घेऊन. गाडी सुरू झाली.

"अगं ए पोरी, उतर खाली!" गोदाक्का उभ्या राहून ओरडल्या. "ती हिरीवर बसलीया!"

शरयूने खिडकीतून बाहेर पाहिलं, आमच्याकडे. "कोण बसलंय? कुठल्या विहिरीवर?"

"नलिनी. बाराव्या रिळात," सत्तारभाईंनी वरून सांगितलं.

शरयू उठली. कंडक्टर म्हणाला, "ताई, तिकीट फाडलंय." ती म्हणाली, "असू दे." नवऱ्याला सबंध चित्रपटात एकही संवाद दिलेला नव्हता, त्यामुळे त्याला हरकत घेता आली नाही. त्याने ट्रंक तेवढी तिच्या हातात दिली. ती उतरली आणि बस तिच्याशिवाय गेली. ही बस आजवर कधी तिच्याशिवाय गेलेली नव्हती.

पाचव्या रिळात नायक रणधीर आणि नायिका तळ्याकाठी गाणं म्हणतात. गाणं चालू होतं, मागे मुली घागरी घेऊन नाचत होत्या, आणि पार दूर, बांधावरून, एक बाई हातात ट्रंक घेऊन चालली होती. आधी मला झाड वाटलं. मग सगळ्या थेटराला एकदम दिसली. "ती बघा, ती बघा!" नायक-नायिकेकडे कोणी पाहिलं नाही. सगळ्यांच्या नजरा त्या लहानशा ठिपक्यावर होत्या. त्या जागी तिला कोणी लिहिलेलं नव्हतं, तिच्यासाठी तिथे दिवा लावलेला नव्हता, तरी ती दिसत होती. नाचणाऱ्या मुलींनी घागरी न सांडता तिला वाट करून दिली.

सातव्या रिळाच्या शेवटी 'मध्यंतर' अशी पाटी येते. शरयू त्या अक्षरांखाली ट्रंकेवर टेकली आणि तळवे चोळू लागली. तेवढाच तिला आराम होता. बाहेर कोणी गेलं नाही. बटाटेवडेवालाच परात घेऊन आत आला, पडद्याकडे पाहिलं, परात खाली ठेवली आणि परातीशेजारीच उकिडवा बसला. कोणी वडा मागितला नाही. दरम्यान सहाच्या खेळाचे लोक आत येऊन भिंतीला लागून उभे राहिले होते. त्यांना कोणी बाहेर काढलं नाही आणि काय चाललंय ते कोणाला सांगावं लागलं नाही. माणसं हळू आवाजात एकमेकांना एवढंच विचारत होती, "कितव्यात पोचली?"

वरून पोतनीसांच्या कात्रीचा आवाज आला.

आठव्या रिळात फुलाजी शिंपी आहे. हा चित्रपटातला विनोद. हातवारे करत चालतो, रणधीरच्या सदऱ्याचं माप घेताना लाडिक बोलतो आणि लाथ खातो. त्या लाथेवर आजवर प्रत्येक खेळात थेटर हसलं आहे, दीडेक तासापूर्वी याच थेटरातही हसलं होतं. फुलाजी टेप घेऊन रणधीरच्या छातीचं माप घेत होता. दारात शरयू आली.

"विहिरीकडे कसं जायचं?"

फुलाजीने तिच्याकडे पाहिलं. मग तो बोलला, आणि साऱ्या थेटराने श्वास रोखला, कारण त्याचा आवाज साधा होता. कुठल्याही माणसाचा असतो तसा, थोडा खोल, थोडा थकलेला. "पुढं मारामारी आहे, त्यानंतर जहागीरदारांची बैठक. एकटीनं जाऊ नका. चला, मी दाखवतो."

त्याने टेप रणधीरच्या गळ्यात तशीच टाकली आणि तो वळला. रणधीरची लाथ वेळेवर आली. ती हवेत गेली आणि नायक पाठीवर आपटला. बाल्कनीतून एकजण सवयीने हसला. एकटाच. आपलाच आवाज ऐकून तो थांबला. फुलाजी दारातून बाहेर पडताना हातवारे करत नव्हता. नुसता चालत होता. मी माणसाला चालताना पाहून आजवर कधी इतका चकित झालो नव्हतो.

मारामारी दहाव्या रिळात होती, गुऱ्हाळात. गुंडांनी काठ्या उगारल्या होत्या. फुलाजी म्हणाला, "जरा थांबा राव, बाईमाणूस जातंय." गुंड काठ्या वर धरूनच थांबले. त्यांच्यातल्या एकाने शरयूच्या हातातली ट्रंक घेतली आणि गुऱ्हाळाच्या टोकापर्यंत पोचवली.

मग अकरावं रीळ लागलं. तिथे जहागीरदार भर बैठकीत नलिनीला कलंक म्हणतात. पण नलिनी बाराव्या रिळातच बसून होती, त्यामुळे तिची जागा रिकामी होती. जहागीरदार मोकळ्या सतरंजीकडे बोट दाखवून गरजत होते. शरयू त्या बोटासमोरून गेली. क्षणभर बोट तिच्यावर होतं, मग पुन्हा सतरंजीवर. गरजता गरजता जहागीरदार घुटमळले. आपण कोणावर ओरडतोय, ते त्यांनाही दिसेना झालं असावं.

"जोडलं," पोतनीस वरून म्हणाले. "लाव बारावं."

"पोतनीससाहेब, दोन मिनिटं थांबा," मल्लिनाथशेठ हात जोडून म्हणाले.

"अटक तुम्हाला होणार आहे शेठ, मला नाही."

मल्लिनाथशेठनी हात खाली घेतले. मग म्हणाले, "होऊ द्या. थांबा म्हणतो ना." पण सत्तारभाईंनी रीळ चढवलं होतं, कारण अकरावं संपलं होतं आणि पडदा कोरा ठेवून चालत नाही.

विहीर आली. नलिनी होती तशीच बसलेली होती. तिच्या मागे काही अंतरावर वाट होती आणि वाटेवर कोणीच नव्हतं. पोतनीसांचा जोड कोणत्याही क्षणी येणार होता. गोदाक्कांनी मेथीच्या पाटीची कड दोन्ही हातांनी घट्ट धरली. घुल्यांनी टोपी डोक्यावर घातली, का ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

वाटेवर शरयू दिसली. ती धावत नव्हती, तिच्यात धावण्याइतकं बळ उरलं नव्हतं. फुलाजी एका बाजूला थांबला आणि त्याने तोंड दुसरीकडे वळवलं. शरयू कठड्यापाशी आली.

"किती उशीर," नलिनी म्हणाली.

"चालत आले."

"बस?"

"सोडली."

नलिनीने ठरल्याप्रमाणे विचारलं, "शरयू, उडी मारू का गं?"

शरयूने तिच्या चेहऱ्याकडे बराच वेळ पाहिलं. चित्रपटात त्यांना इतका वेळ एकमेकींकडे बघू दिलेलं नव्हतं. ती म्हणाली, "तोंड किती सुकलंय तुझं. जेवलीस का?"

"यात मला कुठेच जेवताना दाखवलेलं नाही."

"ऊठ मग. आधी जेवू."

नलिनीने हात पुढे केला, शरयूने तो धरला आणि ती कठड्यावरून उतरली. त्या दोन पावलं लांब गेल्या आणि तेवढ्यात जोड आला. पाणी प्रचंड आवाजात उसळलं, पार कठड्याबाहेर आलं. विहिरीत कोणी नव्हतं. पाणी परत खाली बसलं, त्यावर तरंग उठले, ते काठाला जाऊन टेकले आणि पाणी स्वच्छ झालं. मी कितीतरी विहिरी पडद्यावर पाहिल्या आहेत. बाई गिळल्याशिवाय शांत झालेलं पाणी मी पहिल्यांदा पाहिलं. भिंतीला टेकून उभे असलेले लोक खाली बसले. बऱ्याच बायका रडत होत्या आणि पदर डोळ्यांना लावायचं कोणाच्या लक्षात नव्हतं.

"आता पुढं काय?" घुल्यांनी विचारलं.

"पुढं लग्न," सत्तारभाई म्हणाले.

शेवटच्या रिळात रणधीरचं लग्न लागतं आणि मांडवात पंगत बसते. पंगतीच्या अगदी टोकाला, खांबाच्या आड, चार पानं वाढलेली आणि रिकामी होती. मीठ, लिंबू, कोशिंबीर, आमटी, भात, जिलबी, सगळं जागच्या जागी. क्षणभर ती माझ्या लक्षात आली नाहीत. नंतर मी चौकशी केली. प्रत्येक प्रिंटमध्ये ती पहिल्या दिवसापासून आहेत, लोकांना चित्रीकरणातली चूक वाटत होती.

नलिनी आणि शरयू त्यांतल्या दोन पानांवर बसल्या. एक पान सोडून, चौथ्यावर फुलाजी. अख्खी पंगत वळून बघू लागली.

"उठवा त्यांना!" पोतनीस खिडकीतून ओरडले. "जहागीरदार, तुम्ही यजमान आहात. उठवा!"

जहागीरदार तुपाची वाटी हातात घेऊन पंगतीतून येत होते. ते थांबले. मघाशी कलंक म्हणालेला तोच माणूस, तोच फेटा, त्याच मिशा. त्यांनी खिडकीकडे पाहिलं.

"वाढल्या पानावरून माणूस उठवायचा?" ते म्हणाले. "आमच्या दारात?"

त्यांचा माज पुरेपूर होता. पण प्रथमच तो योग्य ठिकाणी लागला होता. ते वाकले, नलिनीच्या भातावर तूप वाढलं, शरयूच्या भातावर वाढलं आणि हात जोडून रिवाजाप्रमाणे म्हणाले, "सावकाश होऊ द्या."

नलिनीने पहिला घास घेतला. थेटरात हजारभर माणसं होती आणि त्या घासाचा आवाज ऐकू आला. गोदाक्का हळूच म्हणाल्या, "जेव बाई."

मग जहागीरदार फुलाजीपुढे आले. त्याने तूप घेतलं, पण घासाला हात लावला नाही.

"घ्या की मास्तर. सुरू करा."

"घेतो," फुलाजी म्हणाला. "शेजारचं पान रिकामं आहे. वाढलंय म्हणजे कुणीतरी येणार असेल. आलं की बसतो बरोबरच."

पंगत एकदम उठते. कोणी जेवायचं राहिलं असेल तर बाकीचे हात सुकवत बसतात, पण उठत नाहीत. जहागीरदारांनी मान डोलावली आणि पंगत बसून राहिली. पोतनीसांनी 'समाप्त' लावायला सांगितलं. सत्तारभाई म्हणाले, की तो तुकडा पंगत उठल्यानंतरचा आहे, आधी येणार नाही.

'जहागीरदारांची वरात' तुळजाई टॉकीजमध्ये अजून चालू आहे. दुसरा चित्रपट लागलेला नाही. लोक येतात, थोडा वेळ बसतात, नलिनी-शरयूला बघतात, फुलाजीला बघतात आणि जातात. गोदाक्का बाजाराच्या दिवशी येऊन जातात. मल्लिनाथशेठना अटक झाली नाही, कारण खेळ संपल्याशिवाय तो विनापरवाना होता की नाही हे ठरवता येत नाही, असं घुल्यांनी कळवलं आहे. नलिनीचं काम केलेल्या अभिनेत्रीला मी विचारलं. ती म्हणाली, "मी उडी मारली होती. चित्रीकरणाला मारली होती. ती आता काय करते ते तिचं ती जाणे." आणि फोनवर ती कितीतरी वेळ हसत होती.

मग मी बाकीच्यांना गाठलं. लेखक म्हणाले, फुलाजीला लाथेपुढे काही लिहिलेलंच नाही, त्याच्या घरी कोण आहे हेही नाही. दिग्दर्शक म्हणाले, पानं कलाविभागाने मांडली. कलाविभाग म्हणाला, निर्मात्यांकडून सांगावा आला होता, चार जादा वाढा. निर्मात्यांनी सांगावा धाडल्याचं नाकारलं आणि माझ्यावर दावा लावायची धमकी दिली. मी म्हटलं, खुशाल लावा, पण उत्तर द्या.

फुलाजीच्या शेजारच्या पानावरची आमटी अजून गरम आहे. वाफ पडद्यावर दिसते. ते पान कोणासाठी वाढलं, हे आजपर्यंत कोणीही सांगितलेलं नाही.